संध्याकाळची सोबत

कात्रजला संध्याकाळ घाटावरून उतरते. आधी जुन्या घाटातली झाडी काळवंडते, मग तळ्याचं पाणी, मग प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीपलीकडून पाखरांचा कल्ला सुरू होतो. चौकात मात्र अजून भर दिवस असतो. स्वारगेटहून आलेल्या बसमधून माणसं उतरतच राहतात. साताऱ्याला जाणाऱ्या एसटीसाठी पिशव्या घेऊन उभी असलेली कुटुंबं, दुधाचे टँकर, कामावरून सुटलेली पोरं, भाजीच्या गाड्या, सगळं एकमेकांत मिसळून जातं. बोगदा ओलांडून आलेल्या माणसाला पहिलं दिसणारं पुणं म्हणजे कात्रज. सातारा-सांगलीकडून पोटासाठी निघालेल्या कितीतरी घरांनी आपली पहिली वळकटी इथेच सोडली आहे. आमच्या घरानेही.

दिवसातली सगळ्यात अवघड वेळ असते ती संध्याकाळी सातची. अंग दमलेलं असतं, खिशात थोडे पैसे असतात, घर अजून लांब असतं. परमिट रूमच्या पाट्या उजळलेल्या असतात आणि वाईन शॉपच्या जाळीपुढे हात पुढे करून माणसं उभी असतात. आमच्या घरात कितीतरी वर्षं ही वेळ एकाच प्रश्नाने यायची. आई आतून विचारायची, "आला का गं?" वहिनी उत्तर द्यायची नाही. ती जिन्याखाली गाडी लावल्याचा आवाज ऐकत असायची. स्टँड कसा पडला यावरून तिला कळायचं, आज कितपत घेतली आहे. मुलं दप्तरं आवरून आतल्या खोलीत जायची. त्यांना कोणी जा म्हटलेलं नसायचं.

माझ्या थोरल्या भावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या खोलीने त्याला सांभाळलं तिचा तो नियम आहे, आणि मला तो मनापासून पटलेला आहे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादा मेकॅनिक. इंजिन नुसतं कानाने ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा. वाईच्या बाजूच्या गावातून तो पुण्यात आला, सातारा रस्त्यावरच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागला आणि सुखसागरनगरात भाड्याच्या खोलीपासून स्वतःच्या दोन खोल्यांपर्यंत पोचला. माझं शिक्षण त्याच्याच पैशावर झालं. शनिवारी पगार झाला की गॅरेजातली मंडळी बसायची, तसा तोही बसायचा. अंग दुखतं, झोप येत नाही, गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं, अशी कारणं हळूहळू आठवडाभर पसरली. मग एक वेळ अशी आली की सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. बारीकसा नटसुद्धा अंदाजाने बसवणारे ते हात कपबशी धरू शकत नसत. थोडी पोटात गेली की हात थांबायचे. पिण्यात आता मजा उरली नव्हती. तो प्यायचा ते हात थांबवण्यासाठी.

त्या थरथरीमागे शरीराचं एक शास्त्र आहे, हे मला फार पुढे समजलं. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद होणारा मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून घेतो. एके दिवशी दारू अचानक थांबली की तो वाढवलेला वेग तसाच राहतो, आणि त्यातून कंप, घाम, धडधड, निद्रानाश येतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून "आजपासून बंद" म्हणणं धोक्याचं असतं. हे पहिले दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच काढायला हवेत.

घरात मात्र सगळे उपाय घरच्यासारखेच झाले. आईच्या पायावर हात ठेवून शपथ झाली, कुलदैवताला नवस झाला, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून झाला. न सांगता दारू सोडवणाऱ्या पुड्यांची जाहिरात भिंतीवर वाचून मामांनी एक पाकीट आणलं. चहातून द्या, त्याला कळणारसुद्धा नाही, असं त्यावर लिहिलेलं. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी ते वेळीच काढून घेतलं. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नसतो. डायसल्फिरामसारखं खरं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवावर बेतू शकतं. हे औषध द्यायचं तर त्या माणसाला पूर्ण सांगून आणि त्याच्या संमतीने.

मग गावाकडच्या आप्पांनी माळ घालायला सांगितली. माळेबद्दल मला आदर आहे. महाराष्ट्रातली कितीतरी घरं माळेने सावरली आहेत आणि त्यांतलं एक माझ्या डोळ्यांसमोरचं, आप्पांचं स्वतःचं. तरुणपणी आप्पा हातभट्टीच्या पार आहारी गेले होते. त्यांच्या गळ्यात माळ आली, आणि तिच्या मागोमाग भजनी मंडळ आलं, एकादशी आली, हरिनाम सप्ताह आला, आषाढीची वारी आली. दिवेलागणीला ते टाळ घेऊन विठ्ठलाच्या देवळात उभे असत, डाव्या-उजव्या हाताला त्यांच्यासारखीच माणसं. एखाद्या दिवशी आप्पा दिसले नाहीत तर कोणीतरी घरी येऊन विचारायचं, "बरं नाही का आप्पा?" दादाने आळंदीला जाऊन माळ घातली तेव्हा तीही श्रद्धेनेच घातली. पण तो माळ घेऊन कात्रजला परतला, आणि इथली संध्याकाळ रिकामीच होती. ना देऊळ ओळखीचं, ना टाळकरी, ना विचारायला येणारं कोणी. गॅरेजचं शटर ओढल्यावर सोबत होती ती त्याच मंडळींची. काही आठवड्यांनी त्याने माळ काढून देवघरात ठेवली आणि रात्रभर रडत बसला.

पुढे त्याला मुक्तांगणमध्ये नेलं. पुण्यात या संस्थेचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो, इतकी घरं तिने उभी केली आहेत. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईतल्या तरुण पोरांना गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, घेरलं होतं. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये फिरून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि मदत घेऊन पुढे आले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अवचट २०२२च्या जानेवारीत गेले, आणि त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेलं. तिथे दाखल झालेल्या माणसाला गुन्हेगार समजत नाहीत, आणि बिचाराही समजत नाहीत. त्याला मित्र मानतात. तिथली कितीतरी कार्यकर्ती माणसं एके काळी त्याच खाटांवर झोपलेली आहेत. दादाला पहिल्या रात्री थरथर सुटली तेव्हा त्याचा हात धरून बसलेल्या माणसाने सांगितलं, "मलाही असंच झालं होतं." या वाक्याने जे केलं ते आमच्या साऱ्या घराच्या विनवण्यांना जमलेलं नव्हतं.

तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. निघताना समुपदेशक ताईंनी आम्हाला समोर बसवलं. "हा पाया झाला. आता घर तुम्हाला तिकडे बांधायचंय," त्या म्हणाल्या. "फॉलोअपला इथे याच, पण कात्रजहून येरवडा म्हणजे अख्खं पुणं ओलांडणं. रोजची संध्याकाळ तिकडे आहे. घराजवळची सभा शोधा." सभा म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात.

शोधायचं काम माझ्याकडे आलं. मिळालेल्या नंबरवर मी फोन लावला. पलीकडून एका वयस्कर माणसाचा शांत आवाज आला. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"धाकटी बहीण."

"ताई, ते स्वतः बोलतील का? दोनच मिनिटं."

दादाने फोन घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, दादाचे हुंकार तेवढे ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "नाही, आज नाही घेतली." थोडं थांबून, "हो, येईन." फोन ठेवून त्याने मला सांगितलं, "ते म्हणाले, आज घेतली नाही ना, मग आजचं काम झालं. सभेच्या दिवशी चौकात थांबा, मी न्यायला येतो. पत्ता शोधत फिरू नका, पाय माघारी वळतात."

पाय माघारी वळतात, हे फक्त त्या वाटेने गेलेल्यालाच माहीत असणार. तो माणूस खरोखरच चौकात उभा होता. उड्डाणपुलाचं काम, हॉर्न, धूळ, बसमागून बस, आणि त्या गर्दीत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ दादाची वाट पाहत होता. दादाची कोणी वाट पाहावी, आणि तीही त्याने शुद्धीत यावं म्हणून, असं घराबाहेर फार वर्षांनी घडत होतं.

सभा एका शाळेच्या वर्गात भरते. महिन्यातून एखादी सभा खुली असते, तिला घरच्यांनाही बसता येतं. एरवीची सभा फक्त त्यांची. खुल्या सभेला मी आणि वहिनी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकांवर बसताना सगळ्यांचे गुडघे अडत होते, कारण बाक पाचवी-सहावीच्या मुलांचे. फळ्यावर सकाळचं गणित पुसायचं राहिलेलं. खिळ्याला एक कापडी फलक टांगलेला, त्यावर दारूतून बाहेर पडायची ए.ए.ची बारा पावलं लिहिलेली. टेबलावर मराठी पुस्तकं, एक डबा, आणि थर्मासमध्ये चहा. आधी मिनिटभर शांतता, मग प्रार्थना. मग अध्यक्ष म्हणून बसलेला माणूस, जो दर वेळी वेगळा असतो, ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतो. इथे फी नाही, वर्गणी नाही. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, पिणं थांबवायची इच्छा. डबा फिरतो त्यात आपली माणसं आपल्या मर्जीने टाकतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. नव्या माणसापुढे डबा आला तर शेजारचा हळूच पुढे सरकवतो.

एकेक जण उठून पुढे येतो. नाव सांगतो, मी मद्यपी आहे असं सांगतो, आणि खोलीभरून त्याला नावाने नमस्कार येतो. मग तो बोलतो. कोण काय बोललं ते मी इथे लिहिणार नाही. त्या खोलीत ऐकलेलं त्या खोलीतच राहतं, आणि हा नियम नसता तर तिथे कोणी तोंडच उघडलं नसतं. मी फक्त ऐकण्याची रीत सांगते, कारण मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

एक माणूस बोलत असताना दुसरा बोलत नाही. मध्येच कोणी "असं करायला नको होतं" म्हणत नाही. बोलणं संपल्यावर कोणी सल्ला देत नाही, तुलना करत नाही. हळहळसुद्धा दाखवत नाही. त्याच्यानंतरचा उठतो आणि स्वतःचं सांगतो. बस, एवढंच. आपल्याकडे पिणाऱ्या माणसाला ऐकायला काय मिळतं, आठवून पाहा. आई रडून सांगते, बायको भांडून सांगते, सासरा धमकावून सांगतो, शेजारी हसून सांगतात, डॉक्टर लिव्हरचे रिपोर्ट दाखवून सांगतात. सगळे सांगत असतात. त्याचं ऐकून घेणारा एकच उरतो, समोरच्या टेबलावर ग्लास घेऊन बसलेला. म्हणून तो पुन्हा पुन्हा त्या टेबलाकडे जातो. सभेने दुसरं काही केलं नाही तरी हे एक केलं. ग्लासाशिवाय ऐकून घेणारी माणसं दादाला दिली.

या गोष्टीची सुरुवात फार लांबची आहे. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अक्रन गावी हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. धंद्याचं काम फसलं होतं, खिसा रिकामा होता, आणि पलीकडच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याने टेलिफोन गाठला, तिथल्या यादीतून चर्चना फोन लावायला सुरुवात केली आणि विचारलं, या गावात दारूने गांजलेला कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. थोडाच वेळ थांबतो म्हणून आलेले डॉक्टर तासन्‌तास बोलत बसले. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पिण्याचा दिवस, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. मला या कथेतलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की बिल त्या दिवशी कोणाला वाचवायला निघाला नव्हता. स्वतःला वाचवण्यासाठी त्याला दुसरा माणूस हवा होता. कात्रजच्या चौकात इस्त्रीचा शर्ट घालून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना मी एकदा विचारलं, इतकी वर्षं झाली, तुम्ही अजून का येता? ते म्हणाले, "ताई, तुमच्या दादाला न्यायला मी उभा राहिलो ना, त्या दिवशीची माझी संध्याकाळ टळली."

सभेहून परतताना तळ्याच्या बाजूने जावं लागतं. हे तळं अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलं. इथलं पाणी जमिनीखालच्या पक्क्या नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जायचं. त्या वाटेवर जागोजागी जमिनीच्या वर उच्छ्वास बांधलेले होते. आत हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून ती निघून जायला जागा ठेवलेली. बांधणाऱ्याला ठाऊक होतं, की आतला दाब आत ठेवून पाणी शहरापर्यंत पोचणार नाही. ही सभा म्हणजे दादाच्या आठवड्यातला असा उच्छ्वास आहे. तिथे तो बोलतो, आणि त्याचा पुढचा आठवडा वाहता राहतो.

वहिनीबद्दल लिहिल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. दारू एक माणूस पितो आणि आजारी पडतं अख्खं घर. वहिनीने कितीतरी वर्षं खिसे तपासले होते, बाटल्या मोरीत ओतल्या होत्या, गॅरेजच्या मालकाला "त्यांना ताप आहे" म्हणून फोन केले होते. तिची स्वतःची झोप गेली होती, जेवण गेलं होतं, माहेरी जाणं बंद झालं होतं. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनेही हेच भोगलं, आणि १९५१ साली तिने मैत्रिणीसह घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट सुरू केला. मुक्तांगणमध्येही बायकांचा सहचरी गट आहे. वहिनीला तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, की त्याची दारू तू लावली नाहीस, तू ती थांबवू शकत नाहीस, तू स्वतःला मात्र सांभाळू शकतेस. त्या रात्री ती घरी येऊन पोटभर जेवली. पुढे तिने शिवणाचं मशीन पुन्हा बाहेर काढलं. दादा सुधारायच्या आधी वहिनी सुधारायला लागली, आणि माझ्या मते त्यानेच घराला पहिला टेकू दिला.

वाट सरळ नव्हती. गावाकडच्या एका लग्नात, वरातीच्या गोंधळात, दादा घसरला. परत आल्यावर तो दोन सभांना गेलाच नाही. तिसरीच्या आधी ते गृहस्थ घरी आले. बसले, चहा घेतला, आणि एवढंच म्हणाले, "जागा ठेवलीय. चला." त्या सभेत दादाने उठून सगळं सांगितलं, आणि शेवटी नेहमीसारखाच नमस्कार आला. रागही नाही, कौतुकही नाही. घसरणं हा या आजाराचा भाग आहे हे तिथल्या प्रत्येकाला स्वतःवरून माहीत होतं. सभेतल्या मंडळींनी त्याला चार गोष्टींवर लक्ष ठेवायला शिकवलं: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यांतलं एक जरी अंगावर आलं तरी पहिल्या पेगच्या आधी फोन करायचा. दादाच्या गॅरेजात आता पाच वाजता वडापाव येतो. पोट रिकामं ठेवून सात वाजू द्यायचे नाहीत, हा त्याचा नेम आहे.

ही खोली सगळ्यांसाठी एकमेव औषध आहे असा माझा दावा नाही. बारा पावलांत देवाचा उल्लेख आहे. ज्याला जसा समजेल तसा, असं तिथे म्हटलं जातं, तरीही काहींना ते जड जातं. काहींना गोळ्या लागतात, काहींना मानसोपचार लागतात, काहींना दोन्ही. दारूबरोबर नैराश्य असेल तर त्याचाही इलाज व्हावा लागतो. पण २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांचा आढावा घेतला, तेव्हा ए.ए.शी नीट जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे ठरले, आणि पूर्ण दारू सोडून राहण्यात तर बरेचदा सरस ठरले. विनामूल्य, शाळेच्या बाकावर बसून मिळणाऱ्या गोष्टीबद्दल हे फार मोठं बोलणं आहे.

आणि तरी तिथवर पोचतात किती जण? केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात सुमारे सोळा कोटी माणसं पितात. त्यांतली २.९ कोटी दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. त्या अवलंबून असलेल्यांपैकी अडतीसांतल्या एकालाच कसली ना कसली मदत मिळते. उरलेले सदतीस आपल्या आजूबाजूलाच राहतात. संतोषनगरच्या चाळीत, आंबेगावच्या सोसायटीत, दत्तनगरच्या भाड्याच्या खोलीत, आपल्या पगाराच्या रांगेत, आपल्या लग्नाच्या पंगतीत. त्यांना आपण उपदेश भरपूर दिला. शपथा घालून पाहिल्या, माळा घातल्या, पुड्या दिल्या. त्यांच्या संध्याकाळी सातला सोबत कोण आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. माझ्या घराने जे पाहिलं त्यावरून मी ठामपणे सांगते, की दारू सुटायला आधी सोबत लागते. आप्पांना ती टाळकऱ्यांत मिळाली, दादाला पाचवीच्या वर्गातल्या बाकांवर. दोघांच्या संध्याकाळी भरल्या, म्हणून दोघं तगले.

हे वाचताना तुम्हाला तुमच्या घरातला कोणी आठवला असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. तो रोज पिणारा असेल तर एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. त्याला चोरून काही पाजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसची १४४१६. ए.ए.ची खुली सभा तुमच्या भागात कधी असते ते विचारा आणि त्याला सोबत घेऊन जा. तो यायला तयार नसेल तर वाट पाहत बसू नका. तुम्ही जा. घरातल्या एकानेही त्या खोलीत बसून येण्याने घर बदलायला लागतं.